ताईने तपासायला दिलेला शेअर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तितकं वाकून). पत्र लिहिण्यास कारण की, तुझं पत्र मिळालं, खुशाली कळली आणि तिसरा मजला चढताना तुझे गुडघे काय काय बोलतात तेही कळलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी भावजय माझ्यापेक्षा जास्त ठीक आहे, कारण तिला शेअर बाजारात काडीचा रस नाही.

तू विचारलं आहेस की बाबांचं दुकान विकून आपण दोघांच्या नावावर घेतलेला त्या दारं बनवणाऱ्या कंपनीचा शेअर फार वर गेला आहे, तर तो विकून तुझ्याच इमारतीतलं तळमजल्याचं घर घ्यावं, की भाव अजून वाढेल म्हणून थांबावं. घरमालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. वर तू लिहिलंस, "जन्मभर लोकांचे तराजू तपासलेस, आता एवढा भाव खरा आहे का, ते तपासून सांग." ताई, निवृत्त वजनमापे तपासनिसाला इतक्या मानाचं काम कोणी देत नाही (शेजारी फार तर भाजीवाल्याशी हुज्जत घालायला सोबत नेतात). मी त्याच दिवशी कामाला लागलो.

आधी गेलो दलालाकडे. त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन पडदे आणि कुंडीतलं एक झाड, ज्याला पाणी घालायला कोणाला सवड नाही. मी सरळ विचारलं की एका पारड्यात शेअरचा भाव ठेवला तर दुसऱ्यात काय ठेवायचं. तो म्हणाला, कंपनीचा नफा. ठेवला. तर कंपनी आजच्याएवढीच कमावत राहिली, तर दिलेले पैसे नफ्यातून वसूल व्हायला दोनशे वर्षं लागतात! मी चष्मा पुसला. त्याने माझी समजूत घातली की अशा कंपनीचा आजचा नफा बघायचा नसतो, वाढीचा वेग बघायचा. नफा दरवर्षी दुप्पट होतो आहे, आणि हा वेग दहा वर्षं टिकेल असं धरूनच आजचा भाव ठरला आहे. म्हणजे पुढची वाढ आपण आजच विकत घेऊन बसलो आहोत. घरी येऊन मी दुप्पट करत बसलो. दहाव्या वर्षाला पोचलो तेव्हा हिशेब असा निघाला की जगातल्या प्रत्येक माणसाला या कंपनीची चार चार दारं घ्यावी लागतील. प्रत्येक म्हणजे तान्ही पोरं धरून, आणि कैदी धरून (त्यांना चेहरा ओळखून आपोआप उघडणारं दार द्यायला तुरुंगवाले तयार होतील का, ही शंका आहेच). दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी थक्क झालो. एवढी मोठी गोष्ट आपल्या नावावर आहे या विचाराने मला जेवण गेलं नाही.

पण कागदावर विश्वास ठेवायचा नाही, माल प्रत्यक्ष बघायचा, ही आमच्या खात्याची शिस्त. कंपनीने भागधारकांना मुख्य कचेरी बघायला बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सवयीने ती जुनी पितळी वजनांची पिशवीही उचलली (कंपनीत तोलण्यासारखं काय असणार, असं तुझ्या भावजयीने विचारलंही). दारावरच्या डोळ्याने मला खालीवर न्याहाळलं, गोड आवाजात "स्वागत आहे, मॅडम" म्हटलं आणि दार उघडलं. ताई, इतक्या आदराने आजवर मला कोणी आत घेतलेलं नाही. मी आभार मानले.

आत एक दालन आहे. त्यात भिंती नाहीत, नुसती दारं. ओळीने उभी, नजर पोचेल तिथवर, कोणत्याही खोलीची नसलेली दारं. मधून माणसं काठ्यांना लोकांचे फोटो लावून हिंडतात आणि प्रत्येक दार आपलं माणूस ओळखलं की उघडतं, नाहीतर गप्प राहतं. शेकडो दारं एकदम उघडतात-मिटतात तेव्हा अंगावरून वारा जातो. मी बराच वेळ पिशवी छातीशी धरून तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या दुकानाच्या फळ्या आपण दोघं मिळून उचलायचो, त्याच पैशांची ही दारं होती.

तरी जित्याची खोड. कुठलाही तराजू तपासताना आधी रिकामं पारडं बघायचं, काटा शून्यावर आहे ना. म्हणून मी तिथल्या अभियंता बाईंना विनंती केली की एका दारासमोरून सगळ्यांनी बाजूला व्हावं. झाले. समोर कोणी नाही, फोटो नाही, नुसती हवा. दाराने क्षणभर विचार केला, "स्वागत आहे" म्हटलं आणि उघडलं.

मी त्या बाईंकडे पाहिलं. त्या जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "ही नवी आवृत्ती. माणूस यायच्या आधीच ओळखते."

नोकरीत असतो तर जागच्या जागी सील ठोकलं असतं. तिथे मात्र सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका दातांच्या डॉक्टरांनी तर तिथूनच दलालाला फोन करून आणखी शेअर घेतले, आणि संध्याकाळी भाव आणखी चढला. (जाताना दाराने मला ओळख दाखवली नाही. शेवटी मागच्या साध्या दाराची कडी काढून मला बाहेर सोडलं.)

तेव्हा माझा अहवाल असा. भाव जास्त आहे असं म्हणवत नाही. आपणच त्याच्यापुढे लहान पडतो. अशी वस्तू तोलायची नसते, लांबून बघायची असते. शेअर विकू नये. दहा वर्षं कळ काढलीस तर तळमजला कशाला, अख्खी इमारत घेऊ आणि तिला लिफ्ट बसवू.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या भावजयीने हे पत्र वाचलं. एवढंच विचारलं, "तोवर वन्सं किती वर्षांच्या होतील?" दलालाने हे कुठे धरलेलं नव्हतं आणि, लाज वाटते सांगायला, मीही नव्हतं. विक्रीचा कागद सोबत आहे. माझी सही झाली आहे, तुझी लागेल. सगळे शेअर विकायचे आहेत. उलट टपाली पाठव.

आणखी एक. वरचा मजकूर मेहनतीने लिहिला म्हणून खोडला नाही. जपून ठेव. उद्या भाव दुप्पट झाला तर मी विकायला नको म्हणत होतो याचा पुरावा राहील. पडला तर फाडून टाक.

शेवटचं. परवा गुपचूप येऊन तळमजल्याचं ते घर बघून गेलो. वर तुझ्याकडे आलो नाही, कारण मला पोचवायला तू खाली उतरली असतीस. घरात उजेड छान येतो. उंबरा बुटका आहे, पाय फार उचलावा लागणार नाही. घरमालकाने किंमत सांगितली. ती जास्त आहे का, हे मी तपासलं नाही.