सासऱ्यांची दोन वजनं

एव्हरशाईन सिटी, वसई
रविवार, २० ऑगस्ट २००६

चि. सिपोरा हिला आईचा शालोम, आणि बोआजच्या दोन्ही गालांना पापे.

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणशील, तर दोन म्हातारे. प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानच्याही आधी. मी अजून पोहेच भिजवत होते गं. तुमच्याकडची लढाई थांबली, माझा बोआज पलटणीतून धडधाकट घरी आला, म्हणून गुरुवारी एलियाहू हन्नाबीचा, आपल्या पैगंबरांचा, नवस फेडला. मलिदा असा झाला की विचारू नकोस. आनंदात साखर दोनदा पडली, तरी कोणी बोललं नाही.

काळजी एकच होती. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, आणि विरारपर्यंत गोळा करून आपले यहुदी आठच. तेवढ्यात हे दोघे. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आपल्या पेणच्या जुन्या लोकांसारखे. मला वाटलं हज्जानने पाठवले, हज्जानला वाटलं माझ्या सासरचे. बाहेर पाऊस कोसळत होता आणि यांचे पाय कोरडे. अंगाला तिळाच्या तेलाचा वास, थेट आपल्या घाण्यावरचा. हन्नाबींसाठी मांडलेली खुर्ची मधे रिकामी, तिच्यामागे कोपऱ्यात बसले. हज्जानने माणसं मोजली, दहा भरली, प्रार्थना झाली.

मग शेजारची रिटा आणि तिचा रुडॉल्फ आले. रिटाचं माहेर पाचूबंदरचं, माझ्यासाठी आपल्यात चालतो तो खवल्यांचाच मासा निवडून आणते, जीव आहे तिचा. पण रुडॉल्फला तोंड आवरत नाही. पोरं टीव्ही बघून घाबरतात म्हणाला, तुमच्यावाल्यांनी तिकडे पूलसुद्धा ठेवले नाहीत.

मी ऐकते होय. म्हटलं, कारगिलला आपण दोघांनी मिळून पेढे वाटले, तेव्हा पलीकडे कोण मेलं ते मोजलंस का तू? दुसरं कोणी लढलं की जग सोनाराच्या गुंजांनी तोलतं, आणि आमची पाळी आली की मणाचं माप काढतं. आमच्या गावांवर महिनाभर रॉकेटं पडली ती कुठल्या पारड्यात गेली? रुडॉल्फ मलिदा खात बसला. सगळे म्हणाले, खरं बोलली म्हातारी. मी खूश.

तेव्हा कोपऱ्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, “बाई, घरातली दोन वजनं आणा.”

तुझ्या आजोबांची गं, तेलाच्या दुकानातली. दोन्हींवर एक शेरच कोरलेलं. एक आतून पोकळ, ते विकताना. एकात शिसं भरलेलं, ते तीळ घेताना. आपल्या धर्मात खोटं वजन वापरणं तर सोडच, घरात ठेवायलाही मनाई. मी आठवण म्हणून ठेवली. पोकळ गॅलरीच्या दाराला लावते, जड लोणच्याच्या बरणीवर. हे त्याला कोणी सांगितलं?

त्याने दोन तळहातांवर दोन घेतली. जड वर उचलून म्हणाला, “जग तुमच्या लोकांना हे लावतं. खोटं नाही बोललीस.” मग दुसरा पुढे झुकला. “आणि फोनवर नातवाने सांगितलं, त्याला कुठलं लावलंस?”

सिपोरा, त्या फोनचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही लाइन तुटली म्हणून सांगितलं. तुटली नव्हती गं. बोआज म्हणाला, आजी, सरहद्दीपलीकडच्या एका गावात एका घरात एकटीच म्हातारी राहिली होती, पुढ्यात भिजवलेल्या तांदळाचं भांडं. हात अगदी तुझ्यासारखे. मी तिला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ते घर नव्हतं. मी काय म्हणावं? म्हटलं, लढाईत असं व्हायचंच बाळा, तू जेवलास का? त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

आणि तुमच्याकडे रॉकेटने एक म्हातारी गेली, तेव्हा मी दिवसभर जेवले नव्हते. तुझ्याकडून तिचं नाव विचारून घेतलं, दिवा लावला. बोआजच्या या म्हातारीचं मी नावही विचारलं नाही.

मी म्हाताऱ्याला विचारलं, यातलं कुठलं खरं ठेवू? म्हणाला, दोन्ही खोटीच आहेत, तिसरं शोधून ठेव, ते आपल्यांनाही लाव, परक्यांनाही. मगच जगाच्या हातातलं तपासायला जा. नव्याच्या सणाला, वर्षाच्या पहिल्या दिवशी, येतो. मी म्हटलं, आपल्यात सणाला काही तोलत नाहीत हो. तो म्हणाला, “आम्ही नाही तोलत.” तुला ठाऊक आहे ना, त्या दिवशी प्रार्थनेत काय म्हणतात. कुठल्या देशाच्या वाट्याला तलवार आणि कुठल्या देशाला शांती, ते त्या दिवशी वर तोलून ठरतं.

जाताना कोणी पाहिले नाहीत. प्रार्थनेला बसलेल्यांच्या ताटल्या मात्र दहा उष्ट्या निघाल्या. रिटा मला विचारते, आजी, तू कोपऱ्याशी काय बोलत होतीस? आणि गॅलरीचं दार तेव्हापासून आपटतंय. लोणच्याच्या बरणीवरही काही नाही.

हे बोआजला तू स्वतः वाचून दाखव. सांग, आजी जेवलास का विचारणार नाही. जगाशी भांडायला माझं तोंड अजून शाबूत आहे, मी गप्प बसणार नाही. पण आधी त्या बाईचं सगळं सांग म्हणावं, मी मधे बोलणार नाही. नाव कळलं असेल तर तेही. दिवा पुसून ठेवलाय.

त्याने सणाच्या आधी फोन करावा, एवढं बघ.

तुझी आई,
सेगुलाबाई

कॅलेंडरवर खूण केली आहे. नव्याचा सण, शनिवार, तेवीस सप्टेंबर. सकाळीच येतो म्हणालेत.