तांदळातलं नाव

आये,

तू असतीस तर आज तुझ्याशी भांडलो असतो. लग्नात परातीतल्या तांदळात तू माझ्या हातानं मारिसेलचं नवं नाव 'ऋतिका' असं लिहून घेतलंस. वर ग्रामसेवकालाही तेच सांगितलंस. आता पासपोर्टावर मारिसेल, लग्नाच्या दाखल्यावर ऋतिका. म्हणून व्हिसा अडकलाय. ती माहेरी मनिलात, मी पोलादपुरात.

वकील म्हणतो, ऋतिका हे नाव चुकून लिहिलं गेलं, असं लिहून द्या. चुकून? चुलीपासनं नदीपर्यंत तुझी "ऋतिका गो" अशी हाक जायची, नि ती धुणं टाकून धावत यायची.

काल तिला फोनवर वकिलाचं म्हणणं सांगितलं.

"आधी आयेला विचार."

"आये नाय आता, तुला ठाव हाय ना?"

"तरी विचार."

म्हणून विचारतोय. खोडू का गो?

तुझा,
रितेश