अविवाहित ड्रागोव यांचे स्मारक

२ सप्टेंबर
मी स्तामेन ड्रागोव. वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, अकरा ग्रंथांचा कर्ता आणि झेलेनोवो नगरीचा एकमेव हयात इतिहासकार. आजपासून माझे राहते घर माझेच स्मारक-संग्रहालय झाले आहे. त्या कार्याची अचूक नोंद राहावी, एवढ्यासाठी ही रोजनिशी.

कारण गौण आहे — छत गळते. नगरपालिका केवळ संग्रहालयांचीच छते दुरुस्त करते. आम्हां उभयतांना राहण्याची मुभा आहे. मात्र दहा ते पाच माझ्या मेजाभोवतीची दोरी ओलांडायची नाही.

५ सप्टेंबर
कौले बसली. उत्तम!

९ सप्टेंबर
अनर्थ! मार्गदर्शक इस्क्रा आज शाळेच्या सहलीला सांगत होती, "ड्रागोव जन्मभर अविवाहित राहिले." त्या वेळी नेदेल्का स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती. एकतीस वर्षांच्या संसारानंतर तिने हे ऐकावे!

इस्क्राला बाजूला घेतले. पुरावा मागितला.

"स्तामेनकाका, अकराही प्रस्तावना पाठ आहेत मला. अभिलेखागाराचे आभार आहेत. तुम्हाला मठापर्यंत नेणाऱ्या गाढवाचेही आहेत — नावानिशी! बायको कुठाय?"

जे कागदावर नाही ते घडलेले नाही, हे माझेच वाक्य नगरपालिकेने दारावर कोरले आहे.

जेवायला बसताना नेदेल्का म्हणाली, "अहो इतिहासकार, त्या गाढवाला सांगा ताट वाढायला."

१० सप्टेंबर
पाव. कोरडा.

१३ सप्टेंबर
विवाहाचा दाखला घेऊन संचालक मिन्चेव यांच्याकडे गेलो.

"लग्न झालं, एवढंच सिद्ध होतं यातून. आपलं दालन कारकीर्द आणि कामगिरीचं. त्यात बाईंचं काय?"

मी सांगितले — आमच्या खटारा मोस्कविच गाडीतून खेडोपाडी तिनेच मला नेले. म्हाताऱ्या माझ्याशी बोलत नसत. तिच्या हातची चीज भरलेली गरम बनित्सा खाल्ली की थांबत नसत. तिसऱ्या ग्रंथातले प्लेगचे प्रकरण हे सर्वस्वी त्या बनित्सेचे फळ आहे.

"छापलंय कुठे?"

छापलेले नाही.

घरी येऊन सर्व वृत्तान्त तिला सांगितला. ती म्हणाली, "मिन्चेवला सांगितलंत. मला कधी सांगितलं होतंत?"

बॅग भरून बहिणीकडे गेली.

२१ सप्टेंबर
इस्क्रा नोकरी सोडून सोफियाला गेली. तिच्या जागी — नेदेल्का! अर्ज एकच आला होता म्हणे. माहितीतील चूक सुधारण्याचा अधिकार आता तिच्याकडे. माझी चिंता मिटली. मुक्काम मात्र अजून बहिणीकडेच.

२३ सप्टेंबर
तिचा पहिला गट. मी रीतसर तिकीट काढून मागे उभा राहिलो.

"ड्रागोव विवाहित होते," ती स्पष्ट म्हणाली. हायसे वाटले!

प्लॉवदिवहून आलेल्या एका बाईंनी विचारले, "आणि तुम्ही त्यांच्या कोण?"

"विधवा."

पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मीही काढली.

— स्तामेन ड्रागोव
झेलेनोवो, २३ सप्टेंबर