उजवीकडच्या बारा पट्ट्या

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

ठरलं. इलेक्ट्रॉनिक पियानो घ्यायचा. घरी, स्वतःसाठी. चोपन्नाव्या वर्षी माणूस नवीन काही शिकत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची. सहा महिन्यांत दोन्ही हातांनी वाजवणार. असा कान फुकट घालवायचा म्हणजे पापच.

कानाबद्दल लिहितो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा विनयाचं नाटक नको. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक पंप टेस्ट स्टँडवर चढतो. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, पास की नापास. एकवीस वर्षं. मीटर आले, कॉम्प्युटर आले, पण शेवटची सही माझीच.

जाता जाता: नोटीस बोर्डावर कागद लागलाय. यंदाच्या मेडिकलमध्ये टेस्टिंगवाल्यांचे कानही तपासणार, २८ तारखेला. पियानोचा या कागदाशी काडीचा संबंध नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

अभ्यास चालू. एक प्रकार एकसष्ट पट्ट्यांचा, एक अठ्ठ्याऐंशींचा. मुलगी नववीत आहे आणि शाळेत पियानो वाजवते, म्हणून स्वतःला तज्ज्ञ समजते. म्हणाली, शिकणाऱ्याला एकसष्ट पुष्कळ झाल्या. मी म्हणालो, अर्धवट काम आपल्याला जमत नाही. अठ्ठ्याऐंशीच घेणार, तेही वेटेड. म्हणजे पट्टी दाबायला खऱ्या पियानोइतकी जड.

यावर बायको काहीतरी म्हणाली. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. परत विचारलं तर म्हणते, जाऊ दे. असं बोलायचं तर बोलायचंच कशाला?

८ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात गेलो. दुकानदार भराभरा काहीतरी वाजवून दाखवायला लागला. त्याला थांबवलं. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पियानोच्या स्पीकरवर टेकवला, मूठ कानाला. दुकानदार दोन पावलं मागे सरकला. असा दबदबा पाहिजे. मधल्या पट्ट्या तपासल्या. खणखणीत. पास.

सोबत फुलीचा स्टँड, पायाने दाबायचं पेडल, हेडफोन, अडॉप्टर, धुळीसाठी कव्हर. बेंच घेतलं नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची काय वाईट आहे?

९ नोव्हेंबर, रविवार

खुर्ची वाईट आहे. पट्ट्या छातीशी येतात आणि गुडघे स्टँडच्या फुलीत अडकतात. पेडल फरशीवरून पुढे पुढे पळतं आणि पाय त्याच्या मागे. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही पियानोखाली चाललाय. बुडाखाली दोन उश्या घेतल्या. आता बरं आहे, फक्त हलता येत नाही.

गंभीर बाब वेगळीच. उजव्या टोकाच्या, बारीक सुरांच्या दहा-बारा पट्ट्या मुक्या! दाबल्या की नुसतं ठक्. हेडफोन लावला तर तेही नाही. भरदिवसा फसवणूक. मुलीने त्याच पट्ट्या दाबल्या आणि म्हणाली, वाजतायत की. मी म्हणालो, तुला वाटतंय तसं. तिने पुन्हा दाबल्या. बायको दारात येऊन उभी राहिली आणि पट्ट्यांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तिला संगीतात गोडी नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानदार स्वतः दुसरा पियानो घेऊन आला. आधी जुन्याच्या उजवीकडच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. मग माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. एका शब्दाने वाद घातला नाही, पियानो बदलून दिला. मनात चोर असला की माणूस वाद घालत नाही.

तो गेल्यावर नवा लावला. त्याच पट्ट्या मुक्या. अख्खा मालच सदोष दिसतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तोडगा निघाला. तोही परत देऊन एकसष्ट पट्ट्यांचा घेतला. त्यात वरच्या बारा पट्ट्या मुळातच नाहीत. घरी येऊन सगळ्या तपासल्या, शेवटची जरा दबल्या आवाजाची आहे, पण वाजते. माझं पहिल्यापासून हेच मत होतं की शिकणाऱ्याला एकसष्ट पुष्कळ झाल्या.

मुलीला सांगितलं की यंत्र कितीही महाग असो, कानाला फसवता येत नाही. ती काही बोलली नाही. बोलली असेल तर हळू बोलली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बायकोला ताप. मी रजा घेऊन सेवेला. थर्मामीटर तोंडात दिला. बीप वाजल्याशिवाय काढायचा नाही, नियम म्हणजे नियम. तिने दोनदा काढला, मी दोनदा परत घातला. हातवारे करत होती, ते तापामुळे. वीस मिनिटं झाली तरी वाजला नाही. बॅटरी संपलेली असणार. शेवटी तिने तो माझ्या हातात दिला आणि कूस बदलून झोपली. आकडा मात्र आला होता, एकशे एक. बॅटरी संपल्यावर आकडा कसा येतो हे बघायला पाहिजे.

नंतर पाहिलं तर उशी ओली होती. ताप उतरताना घाम येतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन नंबरच्या स्टँडवर मोठा पंप होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला. छान संथ गुणगुणत होता, हाताला जरा थरथर, बस. पास म्हणायला मान वर केली तर आसपास कोणी नाही! सगळे दाराकडे पळालेले. काहींनी कानांवर हात दाबलेले. मी एकटा जागेवर, याला धीर म्हणतात. तेवढ्यात फिटर पळत आला आणि माझी कॉलर धरून मला मागे खेचलं. आम्ही दोघं जमिनीवर. मग बेअरिंग फुटलं. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचा तुकडा संरक्षक जाळी फाडून समोरच्या भिंतीत गेला. माझं डोकं होतं त्याच उंचीवर.

फिटर उठून बसला. म्हणाला, साहेब, पंप दोन मिनिटं किंचाळत होता, गेटवरच्या वॉचमनला ऐकू गेलं. किंचाळत? कान लावून मी उभा होतो की वॉचमन?

कॉलर फाटली. घरी सांगितलं, खिळ्यात अडकली. बायकोने शिवताना दोनदा विचारलं. दोनदा खिळाच सांगितला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅनेजर म्हणाले, २८ तारखेपर्यंत स्टँडवर जाऊ नका, टेबलावर बसा. साहजिक आहे, जिवावरच्या प्रसंगानंतर माणसाला विश्रांती देतात. माझी सहीची वही मात्र मागून घेतली. वर्षभरात मी पास केलेले पंप कुठे कुठे गेले याची यादी करतायत. त्यातले दोन एका हॉस्पिटलच्या टाकीवर आहेत. फोनाफोनी चालली होती. कोणीतरी सारखं माझ्याकडे बघत होतं.

संध्याकाळी सराव झाला नाही. पियानोवर कव्हर घातलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्याची तयारी. मुलीकडून कळलं की त्या तपासणीत हेडफोन लावतात, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. एवढंच ना? शिवाय मशीनवरच्या बाईंचा खांदा हलला की बीप वाजली समजायचं. सर्दी होण्याचीही शक्यता आहे. सर्दीत कोणाच्याही कानांना दडे बसतात. तसं आधीच सांगून ठेवावं.

मुलीने विचारलं, मी येऊ का बरोबर? म्हणालो, मी काय लहान आहे? जेवण गेलं नाही. भीतीबिती नाही, भूकच नव्हती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

खोलीला काचेची खिडकी निघाली, पण काच माझ्या पाठीमागे. समोर भिंत. बाईंचा खांदा दिसेना.

सुरुवातीला बीप आल्या, स्पष्ट. भराभर बटण दाबलं. मनात म्हटलं, हा तर पोरखेळ. मग मशीन बंद पडलं. मी शिस्तीत बसून राहिलो, अंगठा बटणावर. बराच वेळ गेला. मग पुन्हा काही जाडसर आवाज, मग पुन्हा बंद. शेवटी दार उघडलं. मी म्हणालो, हरकत नाही, दुरुस्त होईपर्यंत थांबतो. बाई माझ्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाल्या, काका, झालं.

कागदावर दोन रेघा आहेत. डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक चालतात आणि मग उजवीकडे दोन्ही खाली जातात. डॉक्टरांनी विचारलं, घरच्यांच्या कधी लक्षात आलं? म्हणालो, घरी सगळं ठीक आहे.

सोमवारपासून मला स्टोअरमध्ये बसायचंय. स्टँडवर नाही, कधीच नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपार.

दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. रिपोर्ट पँटच्या खिशात, घडी घालून. बायकोला म्हणालो, निकाल पुढच्या आठवड्यात.

आज जेवण झाल्यावर मुलीला म्हटलं, जरा वाजव, ऐकू दे. तिने कव्हर काढलं, खुर्चीवरच्या उश्या बाजूला केल्या आणि बसली. बायको माझ्या शेजारी येऊन बसली. मुलीची बोटं उजवीकडे भराभर चालायला लागली. मला काही ऐकू येईना. काही म्हणजे काहीच नाही. दोन दिवसांत आणखी गेलं की काय! बायको माझ्याकडेच बघत होती. मी डोळे मिटले, मान डोलवायला लागलो, मांडीवर ताल धरला. बोटं थांबली तसं मोठ्याने म्हणालो, वा! काय सूर लागलाय!

मुलगी माझ्याकडे वळली आणि सावकाश, मोठ्याने म्हणाली, बाबा, मी नुसती बोटं बसवत होते, पियानो अजून चालूच केला नाहीये.

खिशातून रिपोर्ट काढून बायकोच्या हातात दिला.