यंदा चपला कोण राखणार?

१२ एप्रिल

सुट्टी लागली! चित्रकलेच्या वह्यांचा गठ्ठा शाळेच्या कपाटात कोंबला, किल्ली शिपाईमावशींच्या हातात दिली आणि धूम ठोकली. लग्नानंतरची पहिली सुट्टी!

घरी आले तर खाली दुकानात सासरेबुवा छत्रीची काडी सरळ करत बसलेले. "आलीस?" म्हणाले. "आले," म्हटलं. झालं! चार महिन्यांत आमचं बोलणं एवढंच. थोडा वेळ त्यांचं काम बघत उभी राहिले. डावखुरे आहेत. सगळ्यांचे टाके उजवीकडे झुकतात, त्यांचे डावीकडे. फाटलेल्या कापडावर भराभर हात चालतो, तोंड मात्र बंद. मी आवडत नाही की काय त्यांना?

स्वारीला विचारलं तर म्हणते, "बाबा गिऱ्हाइकांशीही बोलत नाहीत, तू कोण लागून गेलीस!" नवरा म्हणावा की शत्रू!

१७ एप्रिल

दुपारी शेंगा सोलत बसलो होतो, मी आणि सासूबाई. मध्येच म्हणाल्या, "पंचवीस मेला तळ्यावर जायचंय." वर्षातून हा एकच रविवार दुकान बंद असतं. सगळे पोहतात म्हणे. तळ्याच्या मधोमध एक लाकडी तराफा आहे, तिथवर जाऊन बसतात आणि काठाकडे बघून हात हलवतात.

"आणि मी चपला राखते," सासूबाई म्हणाल्या. "एकतीस उन्हाळे! चपला काय पळून जाणार आहेत?"

मला हसू फुटलं. पण त्या हसत नव्हत्या. मग हळूच, दाराकडे बघून — "तुला पोहता येतं ना गं? मला शिकव. एकदा तरी त्या तराफ्यावर बसून काठ कसा दिसतो ते बघायचंय. पण घरात कुणाला कळता कामा नये. नाही जमलं तर जन्मभर चिडवतील मेले."

अठ्ठावन्न वर्षांची बाई! मी हो म्हणून बसले. आता आली का पंचाईत?

२० एप्रिल

गावातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांचा तास सकाळी सहा ते सात. तलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंनी (गळ्यात शिट्टी, म्हणून शिट्टीबाई) सांगितलं, पोहण्याचा पोशाख हवाच, साडी चालणार नाही. खेळाच्या दुकानातले पोशाख बघून सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. "त्यात मी? मासेसुद्धा लाजतील!"

मग घरीच शिवायचं ठरलं. सासरेबुवा माल आणायला बाजारात गेले की दुकानातलं मशीन आपलंच. आणि कापड? या घरात कापड एकच — छत्रीचं. "भिजत नाही, वाळवायची कटकट नाही. पाण्यासाठी याच्याहून चांगलं कापड कुठलं?" सासूबाईंचं म्हणणं मला एकदम पटलं. छत्रीवाल्यांच्या घरात चार महिने राहिलं की माणसाचं असं होतं!

गळाबंद झगा, खाली ढगळ विजार. दंडाला, गुडघ्याला घट्ट इलॅस्टिक. काळाभोर. घालून आरशापुढे उभ्या राहिल्या आणि स्वतःच खुसुखुसू हसायला लागल्या.

२२ एप्रिल

देवा! देवा! अजून पोट दुखतंय!

सासूबाई नाक धरून पाण्यात उतरल्या आणि पोशाख फुगला! पाठ फुगली, दंड फुगले, विजारीचे दोन भोपळे झाले. छत्रीचं कापड ते — आतली हवा बाहेर जाईल कशी? शिट्टीबाईंना शिट्टी वाजवायची होती, पण हसण्यामुळे वाजेना. लहान मुली काठावर लोळायच्या बाकी होत्या.

आणि सासूबाई? त्यांना काही पत्ताच नाही! आडव्या झाल्या, माझा हात सुटला आणि त्या तरंगत राहिल्या. "अगं, मी तरंगतेय! पहिल्या दिवशी! तुझ्या हातात जादू आहे गं पोरी!" असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. लग्नातल्या फोटोतसुद्धा नाही.

हवा तरंगतेय, आई, तुम्ही नाही — हे सांगायचं होतं. उद्या सांगेन.

ओला पोशाख लपवायची जागाही त्यांनीच शोधली. दुकानाच्या मागच्या खिळ्यावर एक मोठी जुनी छत्री टांगलीय. कोणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही. तिच्या आत घडी सरकवून ठेवायची. "शंभर छत्र्यांत ही कोण उघडतंय!"

२५ एप्रिल

सांगितलं नाही.

२९ एप्रिल

घरी सांगितलंय, आम्ही फिरायला जातो. आज सासरेबुवा चहा पिता पिता म्हणाले, "फिरून केस भिजतात?"

"घाम!" सासूबाई म्हणाल्या.

"मानेपर्यंत?"

"उन्हाळा आहे!"

ते पुन्हा पेपरात गेले. मी ओढणी तोंडात कोंबून आत पळाले.

४ मे

नणंदबाई आल्या, सोबत त्यांची पाच वर्षांची फटाकडी. घर दणाणून गेलंय! दुपारी सगळे बागेत गेलो. स्वारीने फटाकडीला खांद्यावर घेतलं, मला म्हणे, "तू पण ये, दुसरा खांदा मोकळा आहे." घसरगुंडीवर बसले तर अडकले. मागून नणंदबाई ढकलतायत, पुढून स्वारी ओढतेय, चार अनोळखी माणसं सल्ले देतायत. शेवटी सुटले ती थेट स्वारीच्या अंगावर! येताना कलिंगड खाल्लं. फटाकडीने माझ्या गालाचा एक गोड, चिकट मुका घेतला आणि म्हणाली, "मामी, तू आमच्याकडेच राहा."

राहीन म्हटलं. खरंच, किती पटकन रुजले मी इथे! माहेरी आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, अण्णा. जेवताना घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. इथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सुख म्हणतात ते हेच असावं. फक्त दुकानातून जाताना अजून पाय चोरटे होतात. "आलीस?" "आले."

८ मे

आज सासूबाई म्हणाल्या, "पाणी जड लागतंय गं. पाण्यात काही टाकतात का हे लोक?" कंबर खाली जात होती. त्यांनी पाय जोरात मारले, तेव्हा वर आली. पोशाखही पहिल्यासारखा फुगत नाही. इलॅस्टिक सैल झालं असेल. बघते म्हटलं तर हात लावू देत नाहीत. स्वतःच पिळतात, स्वतःच छत्रीत ठेवतात.

१३ मे

पुन्हा "पाणी जड". पण बाई हटत नाहीत! हात मारतात, धापा टाकतात, "अजून एकदा" म्हणतात. शिट्टीबाई म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई म्हणजे कमालच!"

१८ मे

झोप उडालीय माझी. तळं म्हणजे तलाव नव्हे. पाय टेकायला फरशी नाही. तिथे पोशाख फाटला तर? हवा गेली तर? आणि आता सांगितलं तर त्यांचा जीव खट्टू होईल. तराफा राहील तो कायमचाच. पहिल्याच दिवशी बोलले असते तर? त्यांच्या एका हसण्यापायी मूग गिळून बसले आणि आता हे असं! नवी सून, सासूला तळ्यात बुडवून आली — म्हणतील लोक, आणि खरंच म्हणतील.

ठरलं. उद्या सांगायचं म्हणजे सांगायचंच.

१९ मे

सकाळी तोंड उघडलं तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुला सांगू? एकतीस वर्षांत मी माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं."

पुन्हा सांगितलं नाही. ठरवलं, तळ्यात त्यांच्यापासून हातभर अंतर सोडायचं नाही. बस्स.

२४ मे

उद्या तळं. पाव, उकडलेली अंडी, बटाटे, लिंबू सरबत — डबे भरून झाले. सगळ्यात मोठी छत्री सासरेबुवांनी स्वतः बाहेर काढून ठेवली.

२५ मे

आजचं सगळं लिहून काढणारच!

तळ्यावर पोचलो. सगळ्यांनी चपला काढल्या आणि सवयीने सासूबाईंपुढे ढीग केला. सासूबाईंनी साडी सोडली. आत काळा पोशाख! नणंदबाईंच्या हातातलं अंडं पडलं. स्वारी म्हणाली, "आई, हे काय? छत्री नेसलीस?" फटाकडी टाळ्या पिटायला लागली.

"मी तराफ्यावर चाललेय," सासूबाई म्हणाल्या. "यंदा चपला कोण राखणार ते तुमचं तुम्ही बघा."

तेवढ्यात सासरेबुवा खाली बसले, छत्री उघडली, चपलांचा ढीग स्वतःकडे ओढला. "मी आहे," म्हणाले.

त्या पाण्यात शिरल्या. मी मागोमाग. गुडघा, कंबर, छाती... आणि पोशाख फुगलाच नाही! जराही नाही! अंगाला चिकटून बसला. "आई, थांबा!" ओरडले, पण त्या आडव्या झाल्या होत्या. हनुवटीपर्यंत पाण्यात गेल्या. मी हात पुढे केला. आणि त्यांचा हात माझ्या हाताच्या पुढे गेला! एक, दोन, एक, दोन. तोंड वाकडं, श्वास घोड्यासारखा, पण जात होत्या. स्वतःच्या दमावर! मी हातभर अंतरावर, रडत आणि पोहत. पोहताना रडू नये, नाकात पाणी जातं.

त्यांचा तराफ्याला हात लागला! वर चढल्या (ढकललं मीच, ते लिहायला हवं), पाय पाण्यात सोडून बसल्या आणि काठाकडे बघत राहिल्या.

"केवढासा दिसतो गं हा इथून," म्हणाल्या. "चपलांपाशी बसलेला."

मग हात हलवला. काठावर सासरेबुवा उभे राहिले आणि दोन्ही हातांत एकेक चप्पल घेऊन हलवायला लागले. तोवर नणंदबाई आणि स्वारीही तराफ्यावर येऊन पोचली होती. आम्ही सगळे हसून हसून पाण्यात पडलो.

२६ मे

सासूबाई दमून झोपल्यात. पोशाख पहिल्यांदाच माझ्या हातात दिला, धुवायला. उन्हात धरला तर उजेड आरपार!

सात भोकं. मसुरीएवढी. काखेत, पाठीवर, गुडघ्यापाशी. प्रत्येकाची कड काळ्या दोऱ्याने शिवलेली, उसवू नये म्हणून. एकाचा दोरा तलावाच्या पाण्याने पार विटलाय, दुसऱ्याचा थोडा कमी, आणि सातव्याचा अगदी कोरा. सगळे टाके डावीकडे झुकलेले.

तशीच खाली दुकानात गेले. पोशाख त्यांच्यापुढे धरला. सासरेबुवांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सगळी एकदम पाडली असती तर घाबरली असती ती," म्हणाले.

आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.