नववा अवतार

१४ मे २००५

आज पुन्हा नकार! बुद्धपौर्णिमेची मिरवणूक मारुतीच्या देवळासमोरून न्यायची नाही, गावामागच्या वाटेनं न्या म्हणे. देवळाचे पंच सिद्धराम अण्णा वर मलाच शहाणपण शिकवतात — "स्नेहल, तू तर तत्त्वज्ञान शिकलेली. जीव-शिव एकच हाय. मग तुमची मिरवणूक येगळी कामून?"

उदगीरच्या कॉलेजात अद्वैत घोकून घोकून पास झाले मी. सगळ्यांत आत्मा एकच, तर रस्ते दोन कसे? आणि बुद्धानं तर आत्माच मानला नाही — हे सांगू कुणाला! डोकं नुसतं भणभणतंय.

१७ मे

अण्णांनी तोडगा काढला. देवळासमोरून खुशाल जा, फक्त पायरीशी थांबा. मूर्ती आत नेऊन आरती करू, लगेच परत देऊ. "बुद्ध म्हंजे विष्णूचा नववा अवतार. आपलाच हाय की!"

माझे वडील, अप्पा, ताडकन उठले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आमी. बुद्धाला अवतार मानणार न्हाई, अशी शपथ हाय!"

१८ मे

अप्पा जेवले नाहीत.

२० मे

माझा भाऊ रत्नपाल वैतागलाय. "म्हणू दे की अवतार! रस्ता तर मिळायलाय!"

मलाही तेच वाटतं. शब्दच तर आहेत! त्या देवळासमोरून अप्पा जन्मभर मान खाली घालून गेले. एकदा तरी वाजतगाजत जाऊ देत ना! दिवसभर त्यांच्या मागे लागले. शेवटी म्हणाले, "तू शिकलेली हायस. कर तुझ्या मनासारखं." आवाज असा, की जिंकल्यासारखं काही वाटलंच नाही.

२३ मे

मिरवणूक निघाली. ढोल, निळे झेंडे, बायका पांढऱ्या साड्यांत. पायरीशी अप्पांचे हात मूर्ती सोडेनात. मीच म्हणाले, "द्या, अप्पा."

अण्णांनी मूर्ती आत नेली. आरती झाली, नवव्या अवताराचा जयजयकार झाला. आम्ही बाहेर उन्हात उभे. मग अण्णा आले — रिकाम्या हातांनी! "गाभाऱ्यात बसून आरती घेतलेला देव पुन्हा उठवत न्हाईत. गावाला बाधतं."

भांडलो, ओरडलो. दार लावून घेतलं त्यांनी. रत्नपाल फुलांची मोकळी गाडी ओढत पुढं गेला. रस्ता मिळाला म्हणे! इतकी चीड आलीय, की अप्पांच्या समोर जाववत नाही.

२४ मे

सकाळी अप्पा मूर्ती मागायला गेले. पायरीवर पाय ठेवला तसं अण्णांनी अडवलं. अप्पांना म्हणाले, "दर्शनच घ्यायचं न्हवं, नागनाथा? खालूनच घे."