नाल्यावरच्या दूर्वा

आत्याबाई, साठही झाडांची आळी साफ झाली. परवा संध्याकाळी शेवटच्या संत्र्याखालून हरळीची शेवटची मुळी ओढली, हातभर लांब, टोकासकट, आणि ती हातात धरून मी तिथेच फतकल मारून बसले. धाकटी म्हणाली, "माय, गवतच तं होतं, काहून रडून राहिली?" मी रडत नव्हते, डोळ्यात माती गेली होती. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मेलेल्या सासूला सांगावं असं सुनेजवळ फार काही नसतं, पण ही गोष्ट घरात दुसऱ्या कोणाला समजली नसती, म्हणून पोरीच्या वहीतला कागद फाडून लिहायला बसले. माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिताना 'मला' लिहायचं एवढं मास्तरनं हातावर छडी मारून शिकवलं, तोंडातून मात्र अजून 'मले'च निघतं. चुका काढू नका. तशाही तुम्ही फार काढल्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा कोराडीच्या वाटेवर नुसती शेतं होती. आता अंगणातून वीजघराची नवी धुराडी दिसतात, तुम्ही ती पाहिली नाहीत. बागेत पहिल्या दिवशी तुम्ही मला खुरपं दिलं आणि एक ओळ निंदायला सांगितली. मला घाई. माझं सगळं आयुष्य घाईतच चाललंय. दुपारच्या आत मी दहा आळी अशी चकचकीत केली की वरून काडी दिसू नये. मला वाटलं, आता सासू शाबासकी देणार. तुम्ही आलात, खाली बसलात, मातीत दोन बोटं घातली आणि पांढऱ्या दोरीसारखी मुळी वर काढली. "हे काय वं? केस भादरले आन् उवा तशाच ठेवल्या?" शेजारच्या बाया आणि बांधापलीकडच्या काकू खदखदून हसल्या. मला इतका राग आला की तेव्हाच माहेरची वाट धरणार होते, पण चप्पल सापडेना.

मग तुम्ही शिकवलं, आणि एवढं खरं सांगते, तुमच्यासारखं शिकवणारं मला पुन्हा कोणी भेटलं नाही. संत्र्याची मुळं वरच असतात, वीतभर खाली, केसांसारखी. तिथे कुदळ मारली तर गवताआधी झाडच मरायचं. म्हणून पाणी देऊन दोन दिवस थांबायचं, वाफसा येऊन माती भुसभुशीत झाली की खुरप्याच्या टोकानं माती नुसती सैल करायची आणि मुळी बोटांनी धरून जाईल तिकडे तिच्या मागे जायचं. मध्येच तोडायची नाही, पेरभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. काढलेली बांधावर फेकायची नाही, टोपल्यात भरून पत्र्यावर वाळवायची आणि चुलीत घालायची. मोकळ्या आळ्यात मळलेल्या धानाचं तणस जाड पसरायचं, म्हणजे उरलीसुरली उजेडाला मुकते. तुम्ही मुळीच्या मागे अशा सरकायच्या जशी एखादी बाई हरवलेली बकरी शोधते. मला मात्र मुळी हातभर निघाली की तोडून पळावंसं वाटायचं. तरी वर्षभरात विहिरीकडची सगळी आळी आपण दोघींनी साफ केली, हरळी उरली ती टोकाच्या एका ओळीत.

आता मूळ गोष्टीवर येते, नाहीतर कागद संपेल. तुम्हाला रोज सकाळी गणपतीला एकवीस दूर्वा लागायच्या, कोवळ्या, तीन पानांच्या. त्या आणायच्या नाल्यावरून, म्हणजे जाऊन येऊन अर्धा तास, तोही चूल पेटवायच्या आधी. दुसऱ्याच पावसाळ्यात माझा जीव वैतागला. एके दिवशी नाल्यावरून मुळासकट एक झुपका उपटला, पदरात लपवून आणला आणि विहिरीजवळच्या पहिल्या संत्र्याच्या आळ्यात, खोडाच्या मागच्या बाजूनं खोचून दिला. पाणी आयतंच, सावलीही आयतीच. पंधरा दिवसांत अशा लुसलुशीत दूर्वा आल्या की तुम्हीच म्हणाल्या, "आज लवकर आल्या वं! कुठून आणल्या? लोण्यासारख्या हायेत."

मी म्हटलं, "नाल्यावरून."

आणि त्याच सकाळी देवापुढे जुडी ठेवून तुम्ही खुरपं घेऊन हरळीला शिव्या देत बागेत गेल्या! शेतात हरळी, देवाजवळ दूर्वा, गवत एकच. तुम्हाला काय माहीत नव्हतं? पण सुनेनं ती स्वतःच्या हातानं झाडाखाली लावली असेल, असं कोणाच्या डोक्यात येईल? विहिरीचं पाणी त्याच आळ्यातून पुढच्या आळ्यात जायचं. पाण्याबरोबर ती गेली. दोन वर्षांत दहा झाडं, मग वीस. पानं पिवळी पडली, फळ लिंबाएवढं राहिलं. तुम्ही कंबर धरून उठायच्या आणि म्हणायच्या, "येते कुठून ही अवदसा?" मी तेव्हा विहिरीकडे पाठ करून उभी राहायची.

येते कुठून, ते तुम्हीच ठरवलं. बांधापलीकडच्या काकूंच्या शेतातून. त्या आणि तुम्ही, दुपारची भाकर रोज बांधावर बसून एकत्र खायच्या. तुमचं ताक त्यांना, त्यांचा ठेचा तुम्हाला. ते एका दिवसात बंद झालं. नंतर तुम्ही दोघी बोलायच्या, पण माझ्या तोंडानं. त्या चार हातांवर उभ्या असायच्या आणि तुम्ही आवाज चढवून मला सांगायच्या, "सांग वं तिले, बांध साफ ठेव म्हना. लोकाच्या बागीत गवत पेरून राहिली!"

काकूही माझ्याकडेच पाहून म्हणायच्या, "सांग तुह्या सासूले, माह्या बांधावर कुंदा हाये, कुंदा! हरळीची एक काडी दाखव म्हना, मिशी ठेवतो मी."

"तिले हायेच मिशी. नवी कायले ठेवते?"

मी मध्ये उभी. हसू दाबावं की तोंड लपवावं कळत नव्हतं. आणि काकूंचं खरं होतं, आत्याबाई. त्यांच्या बांधावर कुंदाच होता, बोटभर रुंद पानाचा. दुरूनही ओळखू यायचा. तुमच्यासारखी निंदणारी बाई तिकडे एकदा नीट पाहती तर खोटं तिथेच उघडं पडलं असतं. तुम्ही रागानं पाहिलंच नाही आणि मी भीतीनं दाखवलं नाही. दूर्वा मात्र रोज आणत होते, त्याच आळ्यातून.

तीन वर्षं असं चाललं, मग तुम्ही गेल्या. जायच्या आधी तुमचं झिजलेलं खुरपं मला दिलं आणि म्हणाल्या, "घाई करू नको." तेरवीला अख्खा मोहल्ला जेवला. काकू बांधापर्यंत आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. मी वाढत होते. मला दिसलं.

त्यानंतर आम्ही हरळी सांभाळतच राहिलो म्हणायचं, काढली नाही. मुलगा मोठा झाला, त्यानं सदर बाजारातून गवत मारायच्या औषधाची बाटली आणली. एका झाडाखाली फवारलं तर हरळी पिवळी झाली आणि झाडाच्या खालच्या फांद्याही. महिन्यानं हरळी पुन्हा हिरवी, फांद्या नाही. तेव्हा मी बाटली त्याच्या हातात दिली आणि तुमचं खुरपं काढलं. तीन उन्हाळे लागले. एक-एक आळं, एक-एक मुळी, मागे मागे. माझ्यासारखी बाई एवढी दम धरून बसली, तुम्ही पाहायला हव्या होत्या.

काल काकू काठी टेकत बांधावर आल्या. साफ आळी पाहून म्हणाल्या, "तुही सासू असती तं आज मले ताक देलं असतं."

मग माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "काकू, ती हरळी तुमच्या बांधावरची नव्हती."

"हे तू मले सांगतं? मीच तं घसा फोडून सांगत होती!"

"मी लावली होती. दूर्वांसाठी. नाल्यावर जायचा कंटाळा यायचा."

काकूंनी काठी बांधावर आपटली. मग म्हणाल्या, "इतके वर्सं तुह्या तोंडात काय दगड होता वं? माह्यी मैतरीण गेली तुह्या कंटाळ्यापायी!" आणि पायातली चप्पल काढून मला फेकून मारली. नेम चुकला, चप्पल संत्र्याला लागली. मी ती उचलली, झटकली आणि नेऊन त्यांच्या पायात घातली. मान वर करायची हिंमत झाली नाही. मग माझ्या डोक्यावर त्यांची काठी टेकली, हळूच. "आता माह्या बांधावरचा कुंदा तूच काढ. मुळासकट. मी बसून पायतो."

कुंदा म्हणजे हरळीची थोरली बहीण, हे तुम्हाला सांगायला नको. हातभर खोल जातो, मुळी करंगळीएवढी. आज सकाळपासून लागले. काकू पोतं टाकून बसल्या होत्या, समोर मी नेलेला ताकाचा गडवा. दोन वीत माती काढून झाली आणि मुळी काही संपेना, तेव्हा सवयीनं माझा हात झटका द्यायला उचलला. तेवढ्यात मागून ओरडल्या, "ए! केस भादरू नको!"

मी खुरपं खाली ठेवून एवढी हसले की पोटात दुखलं. काकूही हसल्या, मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, माती गेली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तुमच्या लुगड्याच्या घडीत ठेवून देते. एक सांगायचं राहिलं. साठ झाडं साफ केली हे खरं, पण विहिरीच्या काठावर एका लोखंडी घमेल्यात मी एक झुपका ठेवला आहे. बूड पक्कं आहे, मुळी खाली उतरली का ते रोज उचलून पाहते. पण नाल्यावर मी अजूनही जात नाही. आज तुमच्या गणपतीपुढे ठेवलेली जुडी त्या घमेल्यातलीच होती.